अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान एकत्र शिकताना : पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

नियोजन आयोगाने २०१३ साली २०११-१२ या वर्षासाठीची दारिद्र्यरेषा जाहीर केली, तेव्हा तिचा देशपातळीवरील आकडा ग्रामीण भागासाठी दरडोई दरमहा ८१६ रुपये आणि शहरी भागासाठी १,००० रुपये होता. म्हणजे दिवसाला अनुक्रमे सुमारे २७ आणि ३३ रुपये. हा आकडा बरोबर आहे का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न असतात. पाहणीत कुटुंबांचा खर्च नीट नोंदवला गेला का आणि गाव व शहर यांच्या किमतींतला फरक कोणत्या निर्देशांकाने काढला, हा एक. आणि माणूस गरीब आहे असे आपण नेमके कशावरून म्हणतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची तयारी अर्थशास्त्र करून देते, दुसऱ्याची तत्त्वज्ञान. ज्यांना दोन्ही प्रश्न एकाच वेळी हाताळायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बारावीनंतर कला शाखेच्या पदवीला प्रवेश घेणारे महाराष्ट्रातील विद्यार्थी मी मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवले आहेत, पण बरेचसे मुद्दे इतर ठिकाणच्या विद्यार्थ्यांनाही लागू पडतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. आपल्याकडची बहुतेक महाविद्यालये हे दोन विषय शेजारी शेजारी शिकवतात, जोडून शिकवत नाहीत. अर्थशास्त्राच्या तासाला नीतिशास्त्राचा उल्लेख होईलच असे नाही, आणि नीतिशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठ्याचा बहुधा होणार नाही. सांधा विद्यार्थ्यालाच घालावा लागतो, आणि तो कसा घालावा हे सांगणे हा या लेखाचा खरा हेतू आहे.

ही जोडी नवी नाही

कौटिलीय अर्थशास्त्राच्या आरंभीच चार विद्या सांगितल्या आहेत : आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. आन्वीक्षिकी म्हणजे कारणे देऊन परीक्षण करण्याची विद्या, आणि तिच्यात सांख्य, योग व लोकायत यांचा समावेश केलेला आहे. वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार यांची विद्या. वार्तेत अर्थ कोणता आणि अनर्थ कोणता, याचे परीक्षण आन्वीक्षिकीने करावे, असे तो ग्रंथ सांगतो. युरोपातही ॲडम स्मिथ १७५१ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रथम तर्कशास्त्राचे आणि पुढच्या वर्षी नैतिक तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. नैतिक भावनांवरचा त्यांचा ग्रंथ १७५९ चा, तर राष्ट्रांच्या संपत्तीवरचा १७७६ चा. केंब्रिज विद्यापीठात अर्थशास्त्र नैतिक शास्त्रांच्या अभ्यासक्रमाचाच एक भाग होते, आणि अल्फ्रेड मार्शल यांच्या प्रयत्नाने १९०३ मध्ये ते स्वतंत्र झाले. म्हणजे हे दोन्ही विषय एका घरातले, आणि त्यांची वाटणी होऊन फार तर सव्वाशे वर्षे झाली आहेत. १९२० मध्ये ऑक्सफर्डने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा संयुक्त पदवी अभ्यासक्रम सुरू केला, आणि तसे अभ्यासक्रम आज अनेक देशांत आहेत.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि त्याच काळात ते जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी होते. पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. ही पदवी दिली. १९३६ मधील जातिनिर्मूलनावरील त्यांच्या प्रसिद्ध निबंधात या दोन्ही शिक्षणांचा मेळ स्पष्ट दिसतो. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, या समर्थनाला ते असे उत्तर देतात की ती केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. या वाक्याचे पहिले काम तत्त्वज्ञानाचे आहे, कारण त्यात सरमिसळ झालेल्या दोन संकल्पना वेगळ्या केल्या आहेत. लगेच पुढचा युक्तिवाद अर्थशास्त्राचा येतो : जन्माने ठरलेला व्यवसाय बदलता येत नसेल तर माणसाची कुवत आणि त्याचे काम यांचा मेळ बसत नाही, आणि उद्योगांत बदल होत असताना त्यातून बेकारी निर्माण होते. नव्या विद्यार्थ्याने तो निबंध याच दृष्टीने, हातात पेन्सिल घेऊन एकदा वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पायरी १ : प्रवेशाआधीची चौकशी

महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आहे. आता एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, म्हणजे मायनर, असा अभ्यास असतो. प्रत्येक सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात, आणि व्याख्यानाच्या एका क्रेडिटमागे १५ तास धरले जातात. मायनरची क्रेडिट मेजरच्या निम्म्याहूनही कमी असतात, त्यामुळे कोणता विषय कोणत्या जागी ठेवायचा हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

प्रवेश अर्ज भरण्याआधी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन दोन्ही विभागांतील प्राध्यापकांना भेटावे. माहितीपुस्तिकेत दोन्ही विषय छापलेले असले तरी त्या दोघांची मेजर-मायनर जोडी तेथे घेता येतेच असे नाही. कधी वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी येतात, तर कधी पुरेसे विद्यार्थी नसल्याने तत्त्वज्ञानाचा गट त्या वर्षी सुरूच होत नाही. गेल्या वर्षी ही जोडी किती जणांनी घेतली, तिसऱ्या वर्षापर्यंत ती टिकली का, आणि दोन्ही विभागांत पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, हे थेट विचारावे. असे प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण तीन-चार वर्षांचा प्रश्न आहे. जोडी मिळतच नसेल तर एक विषय मेजर ठेवून दुसऱ्यातील अभ्यासक्रम खुल्या ऐच्छिक विषयांच्या जागी घेता येतात का, ते पाहावे.

मुख्य विषय कोणता, याचा निश्चय होत नसेल तर अर्थशास्त्र मेजर आणि तत्त्वज्ञान मायनर ठेवावे, असे माझे मत आहे. तत्त्वज्ञान कमी महत्त्वाचे आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थशास्त्राची रचना जिन्यासारखी आहे. सूक्ष्म अर्थशास्त्र, समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याचे शास्त्र) हे टप्पे क्रमाने चढावे लागतात, आणि मधला टप्पा चुकला की पुढची वाट अवघड होते. तत्त्वज्ञानात प्लेटोपासून, न्यायदर्शनापासून किंवा कांटपासून, कोठूनही प्रवेश करता येतो, आणि अनेक विद्यापीठे कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तत्त्वज्ञानाच्या एम. ए.ला प्रवेश देतात. मात्र आपल्याला तत्त्वज्ञानातच पुढे जायचे आहे, हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याने हा सल्ला बाजूला ठेवून तत्त्वज्ञान मेजर घ्यावे आणि अर्थशास्त्राचे गणित स्वतःच्या प्रयत्नाने भरून काढावे.

पायरी २ : गणित आणि तर्कशास्त्र यांची पूर्वतयारी

निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे दिवस या तयारीसाठी उत्तम असतात. बारावीला गणित न घेतलेल्या विद्यार्थ्याने घाबरून अर्थशास्त्र सोडू नये, पण गणिताशिवाय भागेल अशा भ्रमातही राहू नये. सीमांत खर्च, सीमांत उपयोगिता, लवचिकता या साऱ्या कल्पना मुळात ‘एक गोष्ट किंचित वाढवली तर दुसरी किती बदलते’ या प्रश्नाची रूपे आहेत, आणि त्या प्रश्नाची भाषा म्हणजे अवकलन. त्यासाठी विज्ञान शाखेपेक्षा वाणिज्य शाखेचे बारावीचे ‘गणित व संख्याशास्त्र’ हे बालभारतीचे पुस्तक अधिक सोयीचे आहे. त्यात अवकलन आणि त्याचे उपयोग आहेत, शिवाय समाश्रयण, निर्देशांक आणि रेषीय नियोजनही आहे. विशेष म्हणजे त्याच्या पहिल्या भागाचे पहिलेच प्रकरण गणितीय तर्कशास्त्राचे आहे.

तर्कशास्त्र हा महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत स्वतंत्र विषय म्हणून शिकवला जातो, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. ज्यांनी तो घेतला नसेल त्यांनी बालभारतीची तर्कशास्त्राची दोन्ही वर्षांची पुस्तके मिळवावीत. ती बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सत्यताकोष्टके, निगमनाने सिद्धता देण्याची पद्धत आणि तर्कदोष एवढे भाग उदाहरणे सोडवून पक्के केले, तर पदवीच्या पहिल्या वर्षाचा पाया तयार होतो. हा अभ्यास वाचून होत नाही, तो वहीवर करावा लागतो. रोज तासभर दिला तरी पुरतो.

पायरी ३ : दोन विषय, वाचण्याच्या दोन रीती

दोन्ही विषय एकाच पद्धतीने वाचणे, ही नव्या विद्यार्थ्याची सर्वांत मोठी अडचण असते. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरण वाचून समजले असे वाटते, आणि उदाहरण सोडवायला घेतले की काहीच समजले नव्हते हे लक्षात येते. म्हणून तेथे वाचनाला थोडा आणि आकृत्या स्वतः काढण्याला व उदाहरणे सोडवण्याला अधिक वेळ द्यावा. पुस्तक मिटून मागणीवक्र काढावा, उत्पन्न वाढले तर तो कोणत्या बाजूला सरकेल ते दाखवावे, आणि केवळ किंमत बदलली तर वक्र का सरकत नाही हे शेजारच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे.

तत्त्वज्ञानात दहा पाने वाचायला दोन तास लागले तर ते मंद वाचन समजू नये. पहिल्या वाचनात लेखकाला काय म्हणायचे आहे ते शोधावे. दुसऱ्या वाचनात तो ते का म्हणतो ते शोधावे आणि त्याचा युक्तिवाद क्रमांक घालून लिहून काढावा. प्रत्येक विधानापुढे ते आधीच्या विधानांतून निघते की लेखकाने गृहीत धरले आहे, याची नोंद करावी. मग लेखकाच्या बाजूने सर्वांत बळकट मांडणी करून त्यानंतरच आक्षेप घ्यावा. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष आधी नीट मांडून मग सिद्धान्त सांगण्याची जी रीत आहे ती हीच, आणि परीक्षेतील उत्तर लिहितानाही ती उपयोगी पडते.

एक महिनाभर ही रीत पाळल्यावर मुद्दाम अदलाबदल करून पाहावी. अर्थशास्त्राच्या पुस्तकातील एखाद्या परिच्छेदाची गृहीतके क्रमांक घालून लिहावीत. ‘ग्राहक विवेकी आहे’ या तीन शब्दांत त्याच्या पसंतीक्रमात सुसंगती आहे एवढेच म्हटले आहे, की तो स्वार्थी आहे असेही म्हटले आहे? दुसरे विधान पहिल्यातून निघत नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी झटणाऱ्या माणसाचा पसंतीक्रमही पूर्णपणे सुसंगत असू शकतो. वर्गात या दोन गोष्टी सर्रास एकत्र बोलल्या जातात, आणि त्या वेगळ्या करता आल्या की त्या दिवशी तुमचा जोडअभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.

पायरी ४ : शब्दांची वही

मराठीतून विचार करणाऱ्या विद्यार्थ्याकडे या जोडीसाठी एक खास साधन आहे, आणि तेच निष्काळजीपणाने वापरले तर अडथळाही आहे. अनेक मराठी शब्द दोन्ही विषयांत वेगवेगळ्या अर्थांनी वापरले जातात. ‘प्रमाण’ म्हणजे तत्त्वज्ञानात ज्ञानाचे साधन, जसे प्रत्यक्ष किंवा अनुमान. अर्थशास्त्रात ते दोन राशींतील संबंध सांगते. ‘न्याय’ हे एका दर्शनाचे नाव आहे आणि वाटपाविषयीच्या चर्चेतील मध्यवर्ती कल्पनाही आहे. ‘वस्तू’ अर्थशास्त्रात सेवेच्या जोडीने येते, तर तत्त्वज्ञानात जे काही अस्तित्वात आहे त्याला वस्तू म्हणता येते. ‘अर्थ’ या शब्दाचे तर सांगायलाच नको. तो धन आहे, प्रयोजन आहे आणि शब्दाचा आशयही आहे.

सर्वांत अधिक घोटाळा ‘मूल्य’ या शब्दात होतो. नीतिशास्त्रातील मूल्य म्हणजे जे चांगले किंवा जपण्याजोगे आहे ते. अर्थशास्त्रातील विनिमय मूल्य म्हणजे एका वस्तूच्या बदल्यात दुसरी किती मिळते ते. आणि किंमत म्हणजे त्याचे पैशातील रूप. ‘पाण्याचे मूल्य फार आहे’ हे वाक्य दुष्काळी भागातील शेतकरी, नीतिशास्त्राचा अभ्यासक आणि पाणीपट्टी ठरवणारा अधिकारी उच्चारतील, तेव्हा ते तीन वेगळी विधाने करत असतील. ‘उपयोगिता’ हा शब्दही असाच निसरडा आहे. जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाच्या उपयुक्ततावादात तिचा संबंध सुखाशी होता. विसाव्या शतकातील अर्थशास्त्रात ती केवळ पसंतीक्रम दाखवणारी संख्या झाली. जुन्या अर्थाने ‘या माणसाची उपयोगिता त्या माणसापेक्षा जास्त आहे’ असे म्हणता येते, नव्या अर्थाने त्या वाक्याला काही आशयच उरत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये माणसामाणसांतील अशा तुलनेला शास्त्रीय आधार नाही, असे ठामपणे मांडले, आणि कल्याणाच्या अर्थशास्त्राची पुढची वाटचाल त्या आक्षेपाला उत्तर देण्यात गेली.

यासाठी एक जाड वही करावी. प्रत्येक शब्दाला एक पान द्यावे. डावीकडे अर्थशास्त्रातील अर्थ, उजवीकडे तत्त्वज्ञानातील, आणि खाली तो शब्द जेथे भेटला त्या वाक्याची नोंद. पुढे इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतीलच, तेव्हा त्या भाषेतील शब्दही त्याच पानावर देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहून ठेवावा. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ मोठ्या ग्रंथालयांत पाहायला मिळतो, आणि मराठी विश्वकोशातील नोंदी महाजालावर वाचता येतात. शब्द अडला की आधी तेथे जावे.

पायरी ५ : सांधे ओळखणे

दुसऱ्या वर्षापासून दोन्ही विषय जेथे एकमेकांना भिडतात त्या जागांवर लक्ष द्यावे. अशा जागा पुष्कळ आहेत. मी तीन घेतो, कारण त्या कागद-पेन्सिलने स्वतः पडताळून पाहता येतात.

पहिली जागा सामूहिक निर्णयाची. तीन मित्रांना राजगड, तोरणा आणि सिंहगड यांपैकी एका गडावर जायचे आहे. पहिल्याचा पसंतीक्रम राजगड, तोरणा, सिंहगड. दुसऱ्याचा तोरणा, सिंहगड, राजगड. तिसऱ्याचा सिंहगड, राजगड, तोरणा. दोन-दोन गडांवर मत घेतले तर राजगड तोरण्याला हरवतो, तोरणा सिंहगडाला हरवतो आणि सिंहगड राजगडाला हरवतो, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने. प्रत्येकाचा पसंतीक्रम सुसंगत आहे, पण बहुमताचा नाही. ही गोष्ट अठराव्या शतकात काँदोर्से या फ्रेंच विचारवंताने दाखवली होती. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील तर काही अगदी साध्या वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळणारी, व्यक्तींच्या पसंतीक्रमांतून समाजाचा पसंतीक्रम काढण्याची कोणतीही रीत असू शकत नाही. मग यातली कोणती अट सोडायची, हा प्रश्न गणिताने सुटत नाही. माणसांविषयीची अधिक माहिती, म्हणजे कोणाचे किती बिघडते आहे हे, विचारात घेऊ दिले तर वाट निघते, असे अमर्त्य सेन यांनी १९७० नंतरच्या लेखनात दाखवले. त्यासाठी रॉबिन्स यांचा आक्षेप पुन्हा तपासावा लागतो. म्हणजे शब्दांच्या वहीतील ‘उपयोगिता’चे पान येथे पुन्हा उघडावे लागते.

दुसरी जागा भविष्याची. १०० वर्षांनंतर होणारे १ कोटी रुपयांचे नुकसान आज टाळण्यासाठी किती खर्च करणे योग्य? वार्षिक वटाव दर, म्हणजे भविष्यातील रकमेचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी धरायचा घटीचा दर, ५ टक्के धरला तर त्या नुकसानीचे आजचे मूल्य सुमारे ७६ हजार रुपये येते. १ टक्का धरला तर सुमारे ३७ लाख. हा हिशेब गणकयंत्रावर करून पाहावा, कारण आकडा स्वतः काढल्याशिवाय त्याचा धक्का बसत नाही. पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असेल म्हणून तिच्या रुपयाला कमी वजन देणे एक वेळ समजू शकते, पण केवळ ती पुढे जन्मणार आहे म्हणून कमी वजन द्यावे का? तत्त्वज्ञ आणि गणिती असलेल्या फ्रँक रॅमसे यांनी १९२८ मध्ये अर्थशास्त्राच्याच नियतकालिकातील लेखात असे कमी लेखणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवले आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येते असे म्हटले. हवामानबदलाच्या खर्चाविषयी २००६ मधील स्टर्न अहवालानंतर जो मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हाच प्रश्न होता.

तिसरी जागा मोजमापाची, आणि येथे आपण आरंभीच्या दारिद्र्यरेषेकडे परत येतो. पुण्यातील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा खर्च हा आधार धरला होता, आणि १९६०-६१ च्या किमतींनुसार ती रेषा ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरी भागात साडेबावीस रुपये अशी येत होती. १९७९ मधील नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक धरले. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ च्या अहवालात केवळ उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण आणि आरोग्यावरील खर्चही हिशेबात घेतला. हे बदल केवळ तांत्रिक सुधारणा म्हणून वाचू नयेत. जगण्यासाठी काय आवश्यक आहे, पोट भरणे पुरेसे की मुलाला शाळेत पाठवता येणेही त्यात धरायचे, याविषयीचे आपले उत्तर त्यांत बदललेले आहे.

रेषा ठरल्यावरही प्रश्न संपत नाही. रेषा १,००० रुपयांची आहे असे समजा. एका माणसाकडे ४०० रुपये आहेत, दुसऱ्याकडे ९५०. पहिल्याकडचे ५० रुपये काढून दुसऱ्याला दिले, तर पहिल्याकडे ३५० उरतात आणि दुसरा रेषेवर पोहोचतो. गरिबांची संख्या दोनावरून एकावर आली, म्हणजे आकड्यानुसार दारिद्र्य निम्म्याने घटले, आणि प्रत्यक्षात सर्वांत गरीब माणूस आणखी गरीब झाला. सेन यांनी १९७६ च्या लेखात नेमकी हीच उणीव दाखवून गरिबांमधील विषमता लक्षात घेणारा निर्देशांक सुचवला. कोणत्या अटी पाळणारे मोजमाप आपल्याला मान्य होईल, हे आधी ठरवून मग सूत्र शोधण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते, कारण तीत नैतिक विचार सूत्राच्या आत शिरतो, नंतर चिकटवलेल्या टिप्पणीसारखा बाहेर राहत नाही.

पायरी ६ : एक प्रश्न निवडून लिहिणे

तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याने एक प्रश्न आपला म्हणून धरावा आणि क्षेत्रीय प्रकल्प, निबंध, संशोधन प्रकल्प अशा मिळेल त्या संधीत त्यावरच लिहावे. प्रश्न आपल्या परिसरातला असावा. उदाहरणादाखल महाराष्ट्राची रोजगार हमी योजना घेता येईल. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात ती आकाराला आली, तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला आणि १९७९ पासून लागू झाला. तिच्या खर्चासाठी शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेतला गेला. अंगमेहनतीचे काम आणि माफक मजुरी असल्याने ज्याला खरी गरज आहे तोच कामावर येतो, असे अर्थशास्त्रज्ञ तिच्या बाजूने सांगतात. येथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावे की मदतीची अट म्हणून कष्ट मागणे माणसाच्या प्रतिष्ठेला धरून आहे का, आणि ज्या वृद्धाला किंवा अपंगाला ती अट पाळता येत नाही त्याचे काय. त्याच विद्यार्थ्यातील अर्थशास्त्रज्ञाने मग विचारावे की ती अट काढली तर खर्च किती वाढेल आणि तो कोण सोसेल.

लेखनाचा क्रम असा ठेवला तर गोंधळ कमी होतो : आधी प्रश्न एका वाक्यात, मग त्यातील शब्दांचे अर्थ, मग वस्तुस्थिती व आकडे, मग मूल्यविषयक युक्तिवाद, आणि शेवटी सर्वांत बळकट आक्षेपाला उत्तर. आकड्यांवरून थेट ‘म्हणून असे करावे’ या निष्कर्षावर उडी मारू नये. ‘आहे’पासून ‘असावे’कडे जाताना मध्ये एक मूल्यविधान लागते, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी १७४० च्या सुमारास दाखवून दिले आहे, आणि ते मधले विधान उघडपणे लिहिणे हाच या जोडअभ्यासातील प्रामाणिकपणा आहे. लिहिलेला मजकूर दोन्ही विभागांतील एकेका प्राध्यापकाला दाखवावा. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना तो पसरट वाटेल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना आकड्यांनी भरलेला वाटेल. दोघांच्याही सूचना मनापासून ऐकाव्यात, पण प्रश्न सोडू नये.

पायरी ७ : पदवीनंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असल्यास चौथ्या वर्षी संशोधन घेता येते. ज्यांना हा जोडविषय पुढे न्यायचा आहे त्यांनी ते वर्ष सोडू नये, कारण दोन्ही विषयांना एकत्र आणणारे दीर्घ लेखन करण्याची संधी बहुधा तेव्हाच मिळते.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था, मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दिल्लीचे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अशा संस्थांकडे पाहावे. त्यांच्या प्रवेशासाठी गणिताची आणि संख्याशास्त्राची तयारी चांगली असावी लागते, म्हणून दुसऱ्या वर्षापासूनच जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायला घ्याव्यात. तत्त्वज्ञानासाठी पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे विभाग आहेत. महाविद्यालयीन अध्यापनाच्या पात्रतेसाठीची नेट परीक्षा दोन्ही विषयांत देता येते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत, पण २०१३ पासून एकच वैकल्पिक विषय घेता येतो, त्यामुळे तेथे निवड करावीच लागते.

परदेशी विद्यापीठांत, विशेषतः लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारख्या ठिकाणी, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र यांचे संयुक्त अभ्यासक्रम आहेत. तेथे अर्ज करताना गणिताचे गुण पाहिले जातातच, पण अर्जासोबतच्या निवेदनात दोन्ही विषयांची आवड आहे एवढे लिहून भागत नाही. सहाव्या पायरीत धरलेला तुमचा प्रश्न तेथे मांडावा, त्याविषयी तुम्ही काय वाचले, कोणता हिशेब केला आणि कोठे अडलात ते लिहावे, आणि शब्दांची वही मुलाखतीच्या आदल्या दिवशी एकदा चाळावी.